हायनानला निघालेली गाडी

लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण हिवाळ्यासाठी रांजणभर कोबी आंबत घातली नाही असं ते पहिलंच साल. ऑक्टोबर लागला की आमच्या ईचुनमध्ये प्रत्येक जिन्याखाली कोबीचे ढीग लागतात आणि बायका बाह्या सरसावून बसतात. त्या वर्षी मी नुसती बघत होते. आम्ही चीनच्या पार दक्षिण टोकाला, हायनान बेटावर निघालो होतो ना! अख्खा हिवाळा समुद्राकाठी काढायचा आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळला की परतायचं. भाड्याची खोली नको, हॉटेल नको, आपली स्वतःची घरगाडी.

हे सगळं लाओ ग्वानच्या डोक्यातून निघालेलं. लाओ ग्वान म्हणजे माझा नवरा, ग्वान फूलिन. एकतीस वर्षं त्याने जंगलातून लाकडाचे ओंडके वाहून आणले. बर्फातल्या रस्त्यावर ट्रक चालवण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. निवृत्त झाला आणि घरात बसून माझं डोकं खायला लागला. मी बालवाडीच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं ओल्या फरशीवर उभी राहिलेली, माझे गुडघे पार कामातून गेलेले. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात ऊब हवी. लाओ ग्वानला तेवढंच निमित्त पुरलं. जुलैत तो दूर दक्षिणेला शानतोंगला गेला, तिथल्या एका निवृत्त मास्तरांकडून जुनी घरगाडी घेतली आणि स्वतः चालवत घेऊन आला. येताना तिथेच टाकी काठोकाठ भरून घेतलेली.

मग सुरू झाली तयारी. खिडक्यांच्या मापाचे चंदेरी पत्रे कापले, पाण्याच्या नळ्यांना फोम गुंडाळला, पलंगाखाली पेट्या ठोकल्या. पेट्या इतक्या मोठ्या झाल्या की संडासाचं दार अर्धंच उघडायचं. मी म्हटलं, "मी आत जाऊ कशी?"

"तिरकी जा," तो म्हणाला.

"आणि बाहेर?"

"तशीच ये. उलटी."

त्यात गाडी तपासणीत नापास झाली, आधीच्या मालकाने मागे सायकलींचा सांगाडा आणि वर छत्री लावली होती म्हणून. सांगाडा काढला तर म्हणाले, छत्री काढा. छत्री काढली तर म्हणाले, भोकं बुजवा. त्यात बारा दिवस गेले. निघायचं होतं पंचवीस सप्टेंबरला. दोन ऑक्टोबरला त्याच्या अकरा ड्रायव्हर मित्रांनी आम्हाला निरोपाची मेजवानी दिली, मला उन्हाची मोठी हॅट भेट दिली. आणि आम्ही तिथेच.

घर मात्र हिवाळ्यापुरतं भाड्याने देऊन झालं होतं. इथून ऐंशी किलोमीटरवरच्या जंगल-केंद्रातले रेन मिस्त्री आणि त्यांची बायको दहा ऑक्टोबरला सामान घेऊन आले. मिस्त्री सत्तरीचे, जन्मभर तिथल्या ट्रॅक्टरांची दुरुस्ती केलेले. छातीचं दुखणं. लाकडाच्या चुलीच्या धुराने गेल्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, म्हणून शहरातलं, गरम पाण्याच्या नळांनी ऊब मिळणारं घर हवं होतं. मार्चअखेरपर्यंतचा करार होता. आम्ही आमची गादी गुंडाळून खाली गाडीत आलो. दोन दिवसांचाच तर प्रश्न होता.

रेन मिस्त्री जिना चढायच्या आधी गाडीपाशी थांबले. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, दम लागला तसे सरळ झाले.

"टाकीत डिझेल कुठलं आहे?"

"शानतोंगचं. काठोकाठ," लाओ ग्वान छाती फुगवून म्हणाला.

"खालच्या मुलखातलं, उन्हाळ्यातलं डिझेल ते. काढून टाक बाबा. इथे एक कडाका पडला की चरबीसारखं थिजेल."

"मिस्त्री, एकतीस वर्षं ट्रक चालवलाय मी. परवा निघतोय. कडाका पडेल तेव्हा आम्ही दक्षिणेला शेनयांगच्याही पुढे असू. भरलेली टाकी कोण ओतून देतं?"

मिस्त्रींनी टाकीच्या झाकणावर एकदा बोट वाजवलं. त्यांची बायको, तिला मी रेन वहिनी म्हणू लागले, तिने त्यांचा दंड धरला आणि ती दोघं आमच्या घरात गेली.

परवा निघालो नाही, कारण परवा पाण्याचा पंप गळायला लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशी कडाका पडला. सकाळी उणे बारा. लाओ ग्वानने किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. त्याने पुन्हा फिरवली. मी मागे बसून मोजत होते, वीस वेळा फिरवली. मग ती खोकायचीही थांबली.

"थिजलं वाटतं," मी म्हटलं.

"तुला काय कळतं त्यातलं?"

तो खाली उतरला आणि डिकीतून रॉकेलची ती जुनी बत्ती काढली, पंप मारला की भडका फेकणारी. जंगलात सगळे ड्रायव्हर ट्रकच्या पोटाखाली ती धरून इंजिन तापवायचे. मी म्हटलं, "अरे म्हाताऱ्या, तो लोखंडी ट्रक होता. ही प्लास्टिकची आहे." तो म्हणाला, "दोन मिनिटं." गाडीखाली पाठीवर सरकला.

दोन मिनिटांनी गाडीत जळक्या प्लास्टिकचा असा वास भरला की मी हॅट, पर्स, सगळं टाकून बाहेर पळाले. आग त्याने बर्फाची ढेकळं मारून विझवली. पण इंजिनाकडून मागे जाणारा वायरिंगचा मनगटाएवढा जाड जुडगा दोन्ही हात पसरले तेवढ्या लांबीत वितळून एकमेकांत चिकटला होता. गाडी गेली. आणि तिच्या उबेच्या यंत्राची वायरही त्यातच होती, म्हणून तेही गेलं.

त्यानंतर त्याने टाकी रिकामी केली आणि हिवाळी डिझेल भरलं. गुणी माणूस! मिस्त्रींनी जे सांगितलं होतं ते त्याने केलं, फक्त तीन दिवस उशिरा आणि गाडी जाळून झाल्यावर.

नवीन वायरिंग दक्षिणेकडून मागवायचं ठरलं. दुकानदार फोनवर म्हणाला, आठवड्यात येईल. आठवडाच ना, म्हणून आम्ही अंगणातच राहिलो. आमच्या खिडकीतून विजेची एक लांब वायर खाली सोडली. रेन वहिनींनीच ती खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबून बसवून दिली. त्या वायरवर एक छोटी शेगडी आणि विजेचं अंथरूण चालायचं. थंडीत सिलिंडरमधून गॅस येईना, म्हणून स्वयंपाकही विजेवर. पण शेगडी आणि भाताचं भांडं एकदम लावलं की वरच्या घरातला फ्यूज उडायचा. म्हणजे एक तर ऊब, नाही तर भात. मी गार गाडीत कोट घालून भात शिजवायची आणि तो शिजला की भांडं पोटाशी धरून बसायची.

सकाळी दार उघडलं की तळमजल्यावरची युआन ताई कचरा टाकायच्या निमित्ताने उभीच.

"काय गं याफन, समुद्र दिसला का?"

"दिसला ना ताई. पार गोठलाय."

"नारळ स्वस्त आहेत का तिकडे? येताना दोन आण माझ्यासाठी."

मी हसायची आणि आत येऊन दार आपटायची. पहिले चार दिवस मलाही गंमत वाटली. पंधराव्या दिवशी मी तिला पाहिलं की मुद्दाम मागच्या दाराने उतरायला लागले, आणि मागचं दार बर्फाने घट्ट बसलेलं असायचं.

मुलगा तालियनला असतो. तो म्हणाला, "आई, आगगाडीने इकडे या." त्याच्या दोन खोल्यांत त्याचं दीड महिन्याचं बाळ आणि बाळाची आजी. तरी मी गेले असते. पण लाओ ग्वान म्हणाला, "कुठल्या तोंडाने जाऊ?" मग मुलगा म्हणाला, "त्या भाडेकरूंना सांगा ना, घर रिकामं करा म्हणून." ते मात्र मीच ऐकून घेतलं नाही. तिकडे चुलीच्या धुराने माणूस मेला असता. आणि चूक काय, तर त्या माणसाने आम्हाला खरं सांगितलं ही?

नऊ नोव्हेंबरला वायरिंग आलं. लाओ ग्वानने खोकं फोडलं, जोडाची टोकं लावून पाहिली आणि खाली बसला. आमच्यापेक्षा दोन वर्षांनी नंतर निघालेल्या गाडीचं होतं. जोड बसेना. दुकानदार म्हणाला, परत पाठवा, बरोबरचं पंधरा दिवसांत देतो. पंधरा दिवसांनी फोन केला तर म्हणाला, पंधरा दिवस.

आता रात्री उणे पंचवीस होत होतं. आमच्या श्वासाची वाफ भिंतीला लागून गोठायची, सकाळी रजईची कड ओढली की भिंतीपासून टर्रकन सुटायची. दात घासायची पेस्ट दगडासारखी. माझे गुडघे असे झाले की संडासात तिरकं जाणंही जमेना, चौकातल्या सार्वजनिक संडासापर्यंत काठी घेऊन जायची. रेन वहिनी रोज गरम पाण्याचा थर्मास घेऊन खाली यायच्या.

"वर या हो. छोटी खोली रिकामीच आहे. तुमचंच तर घर."

"आता तुमचं आहे वहिनी, मार्चपर्यंत," मी म्हणायची. खरं सांगायचं तर मला जायचं होतं. पण लाओ ग्वान वर पाऊल ठेवायला तयार नव्हता आणि त्याला एकट्याला खाली ठेवलं तर तो त्या बत्तीने स्वतःलाच पेटवून घेईल, असं मला वाटायचं.

मिस्त्री दिवसभर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेले दिसायचे, तोंड गाडीकडे. लाओ ग्वान म्हणायचा, "बघ, बसलाय मजा बघत." मी म्हणायची, "वर जाऊन विचार की त्यांना काही सुचतंय का."

"ट्रॅक्टरवाला माणूस तो. ही कॉम्प्युटरची गाडी आहे."

नोव्हेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी त्याचा फोन माझ्या हातात आला. त्या अकरा ड्रायव्हरांच्या ग्रुपवर त्याने समुद्राचा एक फोटो टाकला होता. निळं पाणी, माडांची रांग. खाली लिहिलं होतं: 'इथली हवा फार चांगली आहे. याफनचे गुडघे बरे होत आहेत.'

माझं डोकं सणकलं. गुडघ्यांवर गरम पाण्याच्या दोन बाटल्या बांधून बसले होते मी.

"हे काय आहे?"

"अगं, विचारत होते सगळे..."

"त्यातले तिघे पलीकडच्या इमारतीत राहतात! रोज सकाळी मला काठी टेकत संडासाला जाताना बघतात!"

त्याचं तोंड उतरलं. त्याला हे सुचलंच नव्हतं. अकराही जणांनी त्याखाली 'छान' म्हणून वर केलेले अंगठे टाकले होते, एकाने लिहिलं होतं, 'मजा करा!' त्यांना सगळं माहीत होतं आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

"सगळ्या जगाशी खोटं बोलशील," मी म्हटलं, "पण एक मजला चढून एका म्हाताऱ्या माणसाला 'तुमचं बरोबर होतं' म्हणणार नाहीस. या अहंकाराची शेगडी पेटवता आली असती तर आज मी उबेत झोपले असते."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. भिंतीवरचं बर्फ त्याच्या कानाला लागत होतं, तरी हलला नाही.

सकाळी तो बाजारात गेल्यावर मी पलंगाखालची पेटी उघडली. जळकं वायरिंग त्याने काढून एका गोणीत भरून ठेवलं होतं. गोणी पाठीवर टाकली आणि एकेका पायरीवर थांबत माझ्याच घराचा जिना चढले. रेन वहिनींनी दार उघडलं. माझ्या ओट्यावर तेलाची बाटली उजवीकडे गेली होती, मिठाची बरणी खिडकीत. ते पाहून उगाचच आणखी चिडले. गोणी टेबलावर उपडी केली.

मिस्त्री चष्मा शोधायला लागले. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता.

"हे कुणी भाजलं?"

"आमच्या ह्याने."

"मला वाटलंच. वास वरपर्यंत आला होता." त्यांनी जुडगा उचलून दोन्ही टोकं पाहिली. "टोकं शाबूत आहेत. मधलंच वितळलंय. रंगाला रंग जुळवायचा. वेळ लागेल."

"जमेल?"

"पोरी, दीड महिना मी त्या खिडकीत बसून तुमची गाडी बघतोय. हात शिवशिवतायत. तो येईल, बोलावील म्हणून वाट बघत होतो. हिला विचार."

"रात्री झोपेत स्क्रू पिळतात," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्री नऊ दिवस त्या टेबलावर बसले. सोल्डरिंगचा धूर त्यांना चालत नव्हता, म्हणून प्रत्येक तार खरवडून, पिळून, नळी चढवून, वर पट्टी गुंडाळून, शेवटी दोऱ्याची गाठ. जळलेला भाग कापून तिथे नवीन तार. एकशे बारा तारा. मी एक टोक धरून बसायची. लाल-पिवळी, लाल-हिरवी, करड्यावर पांढरी रेघ. एकदा मी करडी आणि जांभळी उलटी दिली, तर दीड तासाचं काम उसवावं लागलं. मिस्त्री नुसते चष्मा पुसत बसले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता घरात ओरडणारं कुणी हवंच असेल तर मी आहे." त्या खोलीत इतकी ऊब होती की माझे पाय कितीतरी दिवसांनी माझे वाटले. संध्याकाळ झाली की मी उठून गाडीत जायची आणि तिथल्या गारठ्यात नवऱ्यासाठी भात लावायची.

त्याला सांगितलं होतं, चौकातल्या गॅरेजवाल्याने काम घेतलंय. त्याने विचारलं नाही, कुठला गॅरेजवाला. रोज संध्याकाळी माझ्या हातांना चिकटलेल्या काळ्या पट्टीकडे बघायचा आणि मान खाली घालून जेवायचा.

दहाव्या दिवशी गोणी खाली आणली. त्याने वायरिंग बाहेर काढलं. त्या दोऱ्याच्या गाठी एकसारख्या, एका अंतरावर, बोटांनी चाचपत राहिला.

"कोणी केलं?"

"तुला माहीत आहे."

त्यावर तो उठला. गाडीखाली गोणपाट अंथरून तीन दिवस बर्फावर पाठ टेकून ते बसवत राहिला. एक जोड बसला नाही म्हणून शिव्या घालायचा, मग वर खिडकीकडे बघून गप्प व्हायचा. आठ डिसेंबरला सकाळी किल्ली फिरवली. दुसऱ्या फिरवणीला इंजिन धडधडलं. मागचं उबेचं यंत्रही घुरघुरायला लागलं आणि पायांपाशी गरम वारा आला.

युआन ताई कचऱ्याची बादली हातात धरून तशीच उभी राहिली. लाओ ग्वान ओरडला, "म्हातारे! चल, बस! आत्ताच निघायचं!"

मी बसले नाही. "आधी वर जा."

"अगं, इंजिन चालू आहे."

"असू दे चालू. वर जाऊन सांगून ये. नाही तर एकटा जा हायनानला."

त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग पेटीतून प्रवासासाठी घेतलेली दारूची बाटली काढली, टोपी नीट केली आणि जिन्याकडे गेला. मी आत जाऊन बसले. म्हटलं, पाच मिनिटं. फार तर दहा.

अर्धा तास झाला. मी हॅट खुंटीला अडकवली, भांडी दोरीने बांधली. एक तास झाला. डिझेल जळतंय म्हणून इंजिन बंद करावंसं वाटलं, पण पुन्हा चालू झालं नाही तर? हातच लावला नाही. दोन तास झाले. युआन ताईने येऊन काचेवर टकटक केली, "काय गं, निघालात ना?" तिसऱ्या तासाला मी काठी घेतली आणि जिना चढले.

दोघे टेबलाशी समोरासमोर. बाटली आडवी. मिस्त्रींसमोर चहाचा कप, त्यांना डॉक्टरांनी बंदी केलेली. म्हणजे ती सगळी बाटली आमच्या माणसाच्या पोटात. चेहरा लालबुंद. दोन्ही हातांत मिस्त्रींचा एक हात.

"म्हातारे," तो म्हणाला, "मी सांगितलं त्यांना."

"सांगितलं," मिस्त्री म्हणाले. "चार वेळा सांगितलं. पहिल्या वेळेलाच पुरे होतं."

रेन वहिनी पदार्थांच्या ताटल्या उचलताना हसत होत्या. मला हसू येईना.

"आणि गाडी कोण चालवणार?" मी म्हटलं. "दोन महिने गाडी बंद म्हणून बसलो. आता गाडी चालू झाली तर ड्रायव्हर बंद!"

"मी चालवतो..." तो उठला, टेबलाला धरून पुन्हा बसला.

मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. खोकतायत असं वाटलं, पण ते हसत होते. मी खाली जाऊन इंजिन बंद केलं, एकटी गाडीत दहा मिनिटं बसले आणि मग जे मनात आलं ते सगळं स्टिअरिंगला ऐकवलं. त्या रात्री आम्ही आमच्याच छोट्या खोलीत जमिनीवर झोपलो. तो लगेच घोरायला लागला. मला उबेनेच झोप लागेना.

सकाळी गाडी पहिल्याच फिरवणीला चालू झाली. तो तोंड धुऊन, दाढी करून तयार. वहिनींनी शिजवलेले डम्पलिंग डब्यात घालून दिले. मिस्त्री खिडकीशी उभे होते. थंडीत त्यांना बाहेर येऊ दिलं नाही. आम्ही अंगणातून बाहेर पडलो. तिएली हे पुढचं शहर येईपर्यंत मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. तिएलीला त्याने गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "भूक लागली का?" मी डबा उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला.

हायनानला आम्ही सव्वीस डिसेंबरला पोचलो. गुडघे महिन्याभरात हलके झाले. राग उतरायला थोडा जास्त वेळ लागला. तो रोज एकदा मिस्त्रींना फोन करायचा, छातीचं विचारायचा, मग दोघे डिझेलविषयी तासभर बोलायचे. जानेवारीत एका सकाळी तो वही घेऊन गाडीच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "पुढच्या वर्षी सप्टेंबरातच निघू. पलंगाखालच्या पेट्या आणखी थोड्या मोठ्या करतो."

मी चपला घातल्या आणि बाजारात मासे आणायला गेले.